महागडा लॅपटॉप घ्यावा का? मॅकबुक एअर वापरून झाल्यावरचं मत

"महाग लॅपटॉप म्हणजे नुसता लोगोचा भाव, स्पेक्स तर तेच असतात" हे इतक्यांदा ऐकलंय की आता वाद घालायचंच सोडून दिलंय. पण अ‍ॅपलचा एम २ चिपवाला मॅकबुक एअर बरेच दिवस रोज वापरतोय आणि त्याआधी त्याच्या निम्म्या किमतीचा एक विंडोज लॅपटॉप पार मोडेपर्यंत वापरलाय, तर म्हटलं एकदाच काय ते लिहून टाकू.

स्पेक्स तेच असतात हे कागदावर खरंय. जुन्यावर पण इंटेलच्या आय सेव्हन प्रोसेसरचा स्टिकर होता, १६ जीबी रॅम होती. फक्त तो आय सेव्हन १५ वॅटवाला यू सीरिजचा, म्हणजे कमी विजेवर चालणारा, आणि कूलिंग एकदम फुसकं, त्यामुळे व्हिडिओ एक्स्पोर्टला लावला की सुरुवातीला जोरात पळायचा, मग तापायचा, मग स्वतःच स्पीड खाली आणून रडतखडत चालायचा, वर फॅनचा आवाज असा की कॉलवरची माणसं विचारायची मागे मिक्सर लावलाय का. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! एकच प्रोसेसर दोन लॅपटॉपमध्ये वेगवेगळा पळतो, कारण कंपनी त्याला किती वॅट देते आणि उष्णता बाहेर कशी काढते यावर सगळा खेळ असतो, आणि हे स्पेक शीटवर सहसा लिहीतच नाहीत. एअरला तर फॅनच नाही, लांबलचक लोड आला की तोही मंदावतो, खोटं कशाला बोला. पण चिप मुळात वीज कमी खाते म्हणून रोजच्या कामात तापत नाही आणि आवाज शून्य.

स्क्रीनचं तर विचारूच नका. स्वस्तात हमखास ४५ टक्के एनटीएससीवाला (म्हणजे रंग कमी दाखवणारा), २५० निट्सचा (निट्स म्हणजे उजेडाचं माप) पॅनेल गळ्यात मारतात. वर आयपीएस (पॅनेलचा एक प्रकार), फुल एचडी लिहिलेलं असतं म्हणून आपण खूश, पण लाल रंग विटकरी दिसतो आणि खिडकीपाशी बसलं की स्क्रीनमध्ये आपलंच तोंड. एअरला ५०० निट्स आहेत, दिवसभर त्यातच डोळे घालून बसायचं असेल तर हा फरक लगेच जाणवतो.

आणि बिजागरी! स्वस्त लॅपटॉपमध्ये प्लॅस्टिकच्या बॉडीत पितळेचे बारके नट दाबून बसवतात आणि बिजागरीचे स्क्रू त्यात. बिजागरी जाम झाली की झाकण उघडताना सगळा जोर त्या प्लॅस्टिकवर, माझा एक दिवस कडाक् करून उलला. सर्व्हिस सेंटरवाले म्हणे फिजिकल डॅमेज, वॉरंटीत बसत नाही. झाकण उघडणं हे फिजिकल डॅमेज असतं हे तेव्हा कळलं.

आता म्हणून अ‍ॅपलची आरती ओवाळायची का, तर अजिबात नाही. २०२२ साली एवढे पैसे घेऊन बेस मॉडेलला ८ जीबी रॅम द्यायची, ती पण चिपच्याच पॅकेजवर बसवलेली, म्हणजे नंतर वाढवायचा प्रश्नच नाही, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये किंमत न वाढवता १६ करून टाकली. म्हणजे आधीच देता येत होती की! एम २ च्या २५६ जीबीवाल्यात तर दोनऐवजी एकच स्टोरेज चिप टाकली आणि एसएसडीचा वाचायचा स्पीड आधीच्या एम १ चिपवाल्या एअरच्या निम्म्यावर आणला. रॅम-स्टोरेज वाढवून घ्यायला जे पैसे लावतात ती सरळसरळ लूट आहे. शिवाय महाग म्हणजे टिकाऊच असंही नाही, २०१५ पासून मॅकबुकमध्ये आलेला तो पातळ बटणांचा बटरफ्लाय कीबोर्ड आठवतोय ना, धुळीच्या कणाने बटणं अडकायची, शेवटी २०१८ मध्ये कंपनीला फुकट रिपेअरची स्कीम काढावी लागली.

माझं मत विचाराल तर पैसे बॉडी, स्क्रीन, टचपॅड, बॅटरीला द्या, रॅम-स्टोरेजच्या अपग्रेडला कमीत कमी. आणि लॅपटॉप टेबलावरून हलतच नसेल तर ना एअर घ्या ना दुसरं काही, तेवढ्यात दणकट डेस्कटॉप आणि चांगला मॉनिटर येतो, रॅम हवी तेव्हा वाढवा. गेमिंगवाल्यांनी तर मॅककडे बघूच नका. फक्त ब्राउझर आणि एक्सेल असेल तर मोठ्या ऑफिसांतून निघालेला रिफर्बिश्ड (वापरलेला, तपासून-दुरुस्त करून विकलेला) लेनोव्होचा थिंकपॅड टी सीरिज बघा, कीबोर्ड झकास, उघडून एसएसडी बदलता येते, फक्त बॅटरीची हेल्थ आधी तपासा.

नवा घेणार असाल तर दुकानात बेंचमार्क (स्पीड टेस्टचे आकडे) विचारत बसू नका. झाकण एका हाताने उघडून बघा, कीबोर्ड मधोमध दाबून बघा खाली दबतो का, आणि ब्राइटनेस फुल करून दारापाशी उजेडात नेऊन बघा. दुकानदार नको म्हणाला तर दुसरं दुकान.