सिमेंटच्या मैदानासाठी ७ नंबरचा रबरी बास्केटबॉल: घ्यावा का?

पुण्यातल्या शाळा-सोसायट्यांची बास्केटबॉल मैदानं बहुतेक उघडी, सिमेंटची. तिथे रोजच्या खेळाला रबरी चेंडूच घ्यावा, महागडा सिंथेटिक लेदरचा नको, असं आमचं स्पष्ट मत आहे. याचं कारण या खेळाच्या जन्मात सापडतं.

क्वार्टर गेटची वायएमसीए (यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशन) पुणेकरांना माहीत असते, पण बास्केटबॉल याच संस्थेनं दिला हे फारसं कुणाच्या लक्षात नसतं. १८४४ साली लंडनमध्ये कापडाच्या दुकानात नोकरी करणाऱ्या जॉर्ज विल्यम्स यांनी सोबत्यांना घेऊन ती सुरू केली, दुकानांत राबणाऱ्या तरुणांना प्रार्थना आणि बायबलवाचनासाठी एकत्र आणायला. व्यायामशाळांचं काम पुढे अमेरिकेत वाढलं. १८९१ मध्ये स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए प्रशिक्षण शाळेत शारीरिक शिक्षण विभागाचे प्रमुख ल्यूथर गुलिक यांनी तिथले शिक्षक जेम्स नेस्मिथ यांना हिवाळ्यात छपराखाली खेळता येईल असा खेळ शोधायला सांगितलं. नेस्मिथ यांनी सज्जाच्या कठड्याला पीचच्या टोपल्या ठोकल्या. कठडा १० फुटांवर होता, म्हणून रिंग आजही ३.०५ मीटरवर. सज्जातले प्रेक्षक चेंडू अडवायला लागले, तेव्हा मागे बोर्ड आला. आपल्याकडे अमेरिकेहून आलेले क्रीडाशिक्षक हॅरी क्रो बक यांनी १९२० मध्ये मद्रासला वायएमसीएचं शारीरिक शिक्षण महाविद्यालय काढलं आणि तिथून क्रीडाशिक्षक तयार होऊ लागले. केवढं मोठं काम हे!

म्हणजे खेळ मुळात छपराखालचा. सिंथेटिक लेदरचा महागडा चेंडूही बहुधा लाकडी कोर्टाच्याच हिशेबानं बनतो. खरखरीत सिमेंटवर त्याच्या पृष्ठभागावरचे पकडीचे दाणे झिजून गुळगुळीत होतात, खाचांच्या कडा सुटतात. रबर हा मार सहन करतं. त्याचा दोष एकच, धूळ बसली की हातातून निसटतं. ओल्या फडक्यानं पुसून सावलीत वाळवलं की पकड परत येते.

७ नंबर हा मोठ्या मुलांचा-पुरुषांचा चेंडू, त्याचा घेर ७५ ते ७७ सेंमी, वजन ५८० ते ६२० ग्रॅम. मुली-महिलांसाठी ६ नंबर, बारा वर्षांखालच्या मुलांना ५ नंबर. लहानांच्या हाती ७ नंबर देऊ नये. ताकद पुरत नाही म्हणून ती दोन्ही हातांनी चेंडू ढकलायला लागतात आणि तीच सवय पुढे मोडत नाही.

दुकानात हवा भरून घ्या आणि चेंडू हवेत गिरकी देऊन उडवा. खाचांच्या रेषा डगमगताना दिसल्या तर तो गोल नाही, दुसरा मागा. मग तळ १.८ मीटरवर धरून नुसता सोडा. उसळल्यावर वरची बाजू १.२ ते १.४ मीटरपर्यंत यायला हवी.

व्हॉल्व्हजवळ हवेचा दाब छापलेला असतो, साधारण ७ ते ९ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच). सुई ग्लिसरीनमध्ये किंवा निदान पाण्यात बुडवूनच घाला. कोरडी सुई व्हॉल्व्हमधलं रबर चिरते, मग चेंडू रोज रात्रीत मऊ पडतो आणि लोक उगाच ब्लॅडरला, म्हणजे आतल्या हवेच्या फुग्याला, दोष देतात. एप्रिल-मेच्या उन्हात चेंडू मैदानावर टाकून जाऊ नका. आतली हवा प्रसरण पावते, ब्लॅडरभोवती गुंडाळलेल्या दोऱ्याचं वेटोळं सैल होतं आणि एका बाजूला टेंगूळ येतं. त्यावर इलाज नाही, चेंडू बाद.

स्पर्धा लाकडी कोर्टावर असेल तर मात्र दोन-तीन आठवडे आधीपासून सिंथेटिक चेंडूवर सराव करावा. रबरी चेंडू रिंगवरून जास्त उसळतो, त्यामुळे रिबाउंडचा, म्हणजे रिंगवर आपटून परत येणाऱ्या चेंडूचा, अंदाज चुकतो.