आटे दुरुस्त करण्याचा स्प्रिंग-संच: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या घरी 1997 सालची मारुती 800 आहे. 796 सीसीचे, तीन सिलिंडरचे कार्बोरेटरवाले इंजिन आजही चांगले चालते. वडिलांनी घेतलेली गाडी असल्यामुळे ती काढून टाकण्याचा विचार मनात येत नाही. गेल्या वर्षी सकाळी थंड इंजिन सुरू केले की एक्झॉस्ट मॅनिफोल्डपाशी, म्हणजे इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळांच्या जोडापाशी, टकटक असा आवाज येऊ लागला. तिथली गॅस्केट (सांधा बंद ठेवणारी पट्टी) बदलण्यासाठी मॅनिफोल्ड काढताना 8 मिलिमीटरचा एक स्टड (डोके नसलेला बोल्ट) इंजिनाच्या वरच्या भागाच्या, म्हणजे हेडच्या, पृष्ठभागाशी अगदी सपाट तुटला, आणि त्यानंतर मी हा संच विकत घेतला. पेटीत 6, 8 आणि 10 मिलिमीटरच्या आट्यांसाठी प्रत्येकी एक ड्रिल, एक खास टॅप (आटे पाडण्याचे हत्यार), स्प्रिंग बसवण्याचे हत्यार आणि स्टेनलेस तारेच्या काही स्प्रिंगा येतात. खराब झालेले छिद्र मोठे करून त्यात स्प्रिंग बसवली, की तिचे वेढेच बोल्टसाठी नवे आटे होतात. बाजारात सगळे याला हेलिकॉइलच म्हणतात.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो, कारण अनेकांचा इथे गैरसमज होतो: तुटलेला बोल्ट बाहेर काढण्याचे काम हा संच करत नाही. त्यासाठी मी कोल्हापुरातल्या उद्यमनगरातील एका वेल्डिंगवाल्यांची मदत घेतली. त्यांनी तुटलेल्या स्टडवर नट ठेवून त्याच्या छिद्रातून वेल्डिंग केले. पोलादाचे वेल्डिंग ॲल्युमिनियमच्या हेडला धरत नाही, शिवाय त्या उष्णतेने जाम झालेला गंजही सुटतो, म्हणून ही पद्धत मला सर्वांत भरवशाची वाटते. छिद्र पाडून आत ठोकायचे उलट्या आट्यांचे एक्स्ट्रॅक्टर मी मुद्दाम टाळले. ते अतिशय कठीण पोलादाचे असतात आणि आत तुटले, तर साध्या ड्रिलने कापता येत नाहीत.

स्टड निघाला, पण हेडमधले आटे सोबत घेऊनच. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते; वर्षानुवर्षे हे फुगणे-आकसणे आणि गंज एकत्र आले, की मऊ धातूचे आटेच आधी जातात.

संचाची खरी परीक्षा इथून पुढे होती. 8 मिलिमीटरच्या साध्या आट्यांसाठी 6.8 मिलिमीटरचे छिद्र लागते. स्प्रिंगसाठी मात्र ते सुमारे 8.3 मिलिमीटरचे करून त्यात खास टॅपने मोठे आटे पाडावे लागतात. टॅप उत्तम निघाला. रॉकेल लावून, अर्धा फेरा पुढे आणि पाव फेरा मागे असे फिरवत गेलो तेव्हा कीस मोकळा होत राहिला आणि आटे स्वच्छ पडले. ड्रिलबद्दल मात्र माझी तक्रार आहे. ते हलक्या प्रतीचे आहे, ॲल्युमिनियममध्येही भरकटते आणि त्यावर खोलीची खूण नाही. मी स्थानिक दुकानातून चांगले ड्रिल घेतले, त्यावर चिकटपट्टी लावून खोली ठरवली आणि ते सरळ जावे म्हणून छिद्र पाडलेला जाड पोलादी ठोकळा हेडवर आवळून त्यातून ड्रिल चालवले. या कामात ड्रिल काटकोनात जाणे हेच सर्वांत महत्त्वाचे आहे. ते तिरके गेले तर स्टड तिरका बसतो आणि मॅनिफोल्ड त्याच्यावर सरकत नाही.

स्प्रिंग मोकळी असताना छिद्रापेक्षा किंचित मोठी असते, त्यामुळे आत गेल्यावर ती स्वतःच्या ताणाने धरून राहते. ती पृष्ठभागाच्या अर्धा आटा खाली बसवली. त्यानंतर नवा स्टड तांब्याचे ग्रीस लावून हाताने बसवला आणि नट टॉर्क पान्याने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने), गाडीच्या पुस्तिकेतल्या मर्यादेतच आवळला.

त्यानंतर गाडी सुमारे चार हजार किलोमीटर चालली. त्यात पावसाळ्यात भुईबावडा घाटाच्या दोन फेऱ्याही झाल्या. टकटक परत आली नाही. सातव्या महिन्यात केवळ तपासणीसाठी मॅनिफोल्ड पुन्हा उतरवले. स्टड सहज निघाला, स्प्रिंग जागची हलली नव्हती आणि स्टेनलेस-ॲल्युमिनियमच्या सांध्यावर पांढऱ्या गंजाची पूडही नव्हती. माझ्या मते दुरुस्त केलेला आटा आता मूळ आट्यापेक्षा अधिक टिकाऊ आहे.

थर्मोस्टॅट हाउसिंगच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे कुलंट जिथून जाते त्या झाकणाच्या, 6 मिलिमीटरच्या बोल्टला हाच उपाय केला, तेव्हा पहिल्याच दिवशी कुलंट झिरपले. तारेच्या वेढ्यांमागून द्रवाला वाट मिळते, हे माझ्या लक्षात आले नव्हते. बोल्टाच्या आट्यांना सीलंट लावल्यावर ते थांबले, तरीही संचासोबतच्या कागदावर ही सूचना असायलाच हवी होती.

8 मिलिमीटरच्या सुट्या स्प्रिंगा वेगळ्या मिळतात. मी 12 मिलिमीटर लांबीच्या दहा आणून ठेवल्या आहेत, कारण मॅनिफोल्डचे बाकीचे स्टडही त्या तुटलेल्या स्टडच्याच वयाचे आहेत.