बोगस बियाणं समुद्रातही मिळतं

माझं लातूरला कृषी सेवा केंद्र आहे. जूनमध्ये सोयाबीनची बॅग न्यायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, पक्की पावती घे, लॉट नंबर बघ, रिकामी बॅग फेकू नको. आणि जानेवारीत मीच अंदमान सहलीच्या एका पीडीएफवर भुलून चार माणसांचे 1 लाख 84 हजार फोनवरून पाठवून दिले. ट्रॅव्हलवाला सासरच्या गावचा, मला 'दाजी' म्हणणारा. त्याला पावती कशी मागायची!

पीडीएफवर होतं, 'अंदमान, पाच बेटं, दोन वेळा स्कूबा, व्हिडिओसह'. स्कूबा म्हणजे पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली जाणं. पोर्ट ब्लेअरशिवाय चार नावं होती: हॅवलॉक, स्वराज द्वीप, नील, शहीद द्वीप. तिथं पोचल्यावर गाडीवाला हसायलाच लागला. हॅवलॉकचंच नाव 2018 मध्ये स्वराज द्वीप झालं, नीलचं शहीद द्वीप. म्हणजे एकाच बेटाचे आमच्याकडून दोनदा पैसे घेतले होते. एका बॅगेला दोन लेबलं!

हॅवलॉकला व्हाउचरवरच्या डायव्हिंग सेंटरवर गेलो. आमच्या नावाचं बुकिंगच नव्हतं. तिथला प्रशिक्षक मात्र भला माणूस. त्यानं आरोग्याचा फॉर्म पुढं ठेवला. बायकोला दमा आहे, पंप वापरते, म्हटल्यावर 'डॉक्टरांचा कागद आणल्याशिवाय पाण्यात नेणार नाही' असं तोंडावर सांगितलं. नवशिक्याला आधी उथळ पाण्यात शिकवतात: श्वास कधीच रोखून धरायचा नाही, खाली जाताना नाक दाबून हळूच फुंकत कान मोकळे करायचे. दर 10 मीटरला, जमिनीवर हवेचा जेवढा दाब असतो, तेवढा दाब आणखी वाढतो. म्हणून प्रमाणपत्र नसलेल्याला प्रशिक्षकासोबतसुद्धा 12 मीटरच्या खाली नेत नाहीत.

मग त्यानं विचारलं, परतीचं विमान कधी? आमची दुसरी डाइव्ह शेवटच्या दिवशी सकाळी नॉर्थ बेला होती (जुन्या वीसच्या नोटेवर जे दीपगृह आहे ना, तिथं) आणि दुपारी एकचं विमान. त्यानं कपाळाला हात लावला. एका डाइव्हनंतर निदान 12 तास, जास्त झाल्या तर 18 तास विमानात बसायचं नसतं. पाण्याखाली शरीरात मुरलेला नायट्रोजन निघायच्या आत वर उडालं की त्याचे बुडबुडे होतात. पैसे बुडाले ते बुडाले, पण हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला.

ट्रॅव्हलवाल्याला फोन लावला. "दाजी, सीझन आहे, गडबड झाली. तिथला आपला माणूस पाठवतो. आणि फॉर्म आलाच तर सगळीकडं 'नाही' लिहा, ताईला काही होत नसतं." बायकोनं तिथंच नकार दिला. शहाणी आहे. मेहुणीही तिच्यासोबत किनाऱ्यावर बसली. मी आणि साडू मात्र गेलो, कारण हौस.

'आपल्या माणसा'नं माणशी 3,500 रोख घेतले. फॉर्म नाही, शिकवणं नाही. टाकी धरून आम्हाला दीड परस पाण्यात नेलं, बिस्किटं टाकली, मासे जमले. तो पोवळ्यावर उभा होता, पायाखाली कडकड मोडत होतं. पोवळं म्हणजे जिवंत प्राण्यांची वसाहत, हे मला सेंटरवर कळलं होतं, तरी मी तोंडात नळी धरून गप्प. सात मिनिटांत बाहेर. आमच्या विहिरीत पोरं याच्यापेक्षा खोल सूर मारतात.

संध्याकाळी व्हिडिओ आला. कासव, माशांचे थवे, खोल निळं पाणी, एकदम भारी. फक्त त्यातला माणूस आमच्यातला नव्हता. साडूच्या मनगटावर तुळजापूरचा लाल गंडा असतो, तो कुठंच नाही. 'आपल्या माणसा'ला विचारलं तर म्हणतो, "पाण्याखाली लाल रंग दिसत नाही." पंचाईत अशी की यात थोडं खरं आहे. खोल गेलं की लाल रंग सगळ्यात आधी मावळतो. पण तो तपकिरी, काळपट दिसतो. गंडाच गायब होत नाही! आणि व्हिडिओतल्याचे पायातले पंख पिवळे, आमचे काळे.

नॉर्थ बेची डाइव्ह आम्ही सोडली. परत आल्यावर ट्रॅव्हलवाला म्हणाला, तुम्हीच गेला नाहीत, पैसे परत कसे? 1930 वर सायबरची तक्रार मी महिन्यानं केली. ती त्याच दिवशी करायची असते, कारण पैसे पुढं सरकायच्या आत खातं गोठवलं तरच काही हाती लागतं. ग्राहक हेल्पलाइन 1915 वरही नोंद केली. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, पावती आहे का? माझ्या दुकानात मागं पाटीच लावलीय, 'पावतीशिवाय तक्रार चालणार नाही'.

तुम्ही जाणार असाल तर डायव्हिंग सेंटरला स्वतः फोन करून तुमच्या नावाचं बुकिंग आहे का ते विचारा, पैसे भरायच्या आधी. बेटांची नावं नकाशावर ताडून बघा. आणि जो फॉर्म भरून घेत नाही, त्याच्याबरोबर गुडघाभर पाण्यातही जाऊ नका.

तो व्हिडिओ मी अजून पुसलेला नाही, पुरावा म्हणून ठेवलाय. सासूबाईंनी मात्र तो सगळ्या भावकीला पाठवलाय, 'आमचे जावई समुद्राच्या तळाशी' म्हणून.