बिअरसाठी पाणी कुठलं: कॉर्पोरेशनचं, बोअरचं की आरओचं?

घरी बिअर करताना नुसता टीडीएस मीटर बुडवून पाणी निवडणं पुरत नाही. मीटर विरघळलेल्या क्षारांची बेरीज दाखवतो. त्यात कॅल्शियम किती आणि बायकार्बोनेट किती, हे सांगत नाही. मॅशचा, म्हणजे गरम पाण्यात भिजवलेल्या भरड माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या सातूचा), पीएच ५.२ ते ५.६ मध्ये हवा, आणि बायकार्बोनेट तो वर ओढतं. तसं झालं की माल्टच्या सालीतला तुरटपणा बिअरमध्ये उतरतो. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक (आयएस १०५००) अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद, मुख्यतः बायकार्बोनेटमुळे येणारी) २०० पीपीएमपर्यंत (लिटरला मिलीग्रॅम) सहज स्वीकारतं, दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंतही. फिक्या लागरची, म्हणजे हलक्या सोनेरी बिअरची, पंचाईत ५० च्या वरच सुरू होते.

म्हणून मत्स्यालयाच्या दुकानातून अल्कलिनिटी मोजणारं केएच किट आणा. ५ मिली पाण्यात किटमधल्या द्रवाचा एकेक थेंब टाकून हलवायचं आणि निळ्याचं पिवळं होईपर्यंत मोजायचं. एक थेंब म्हणजे साधारण १८ पीपीएम अल्कलिनिटी.

आमची पहिली पसंती पुण्याच्या कॉर्पोरेशनच्या पाण्याला. खडकवासला, पानशेत, वरसगाव धरणांचं हे पाणी मुळात मऊ. समजा ४ थेंब लागले, म्हणजे ७२. ते ३० वर आणायला २० लिटरला ८८ टक्क्यांचं लॅक्टिक अॅसिड दीड मिली पुरतं. हिशेब सोपा: जितके पीपीएम कमी करायचे, त्याला लिटरने गुणा आणि ५९० ने भागा. वर ३ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड टाकलं की कॅल्शियम ४० पीपीएमने वाढतं. खरी खोड क्लोरीनची. माल्टमधल्या फेनॉलशी त्याची गाठ पडली की बिअरला दवाखान्याचा वास येतो, आणि तो नंतर कशानेही जात नाही. म्हणून क्लोरीन आधीच घालवायला, सरबत टिकवायला वापरतात ती केएमएस (पोटॅशियम मेटाबायसल्फाइट) पावडर २० लिटरला ०.२ ग्रॅम टाका, ढवळा, पाच मिनिटं थांबा. दुकानदार त्याऐवजी सोडियम बेंझोएट देईल तर घेऊ नका. त्याने यीस्टच मरगळतं.

बोअरचं पाणी वेगळ्या कुळातलं. दख्खनच्या काळ्या कातळातून येतं, म्हणून जड: नळाच्या तोंडाशी पांढरे थर, साबणाला फेस नाही, तूरडाळ शिजता शिजत नाही. त्याला समजा १५ थेंब लागले, म्हणजे जवळपास २७०. ते ५० वर आणायला २० लिटरला सुमारे साडेसात मिली लॅक्टिक लागेल, आणि तेवढ्यात आंबटपणा जिभेला लागू लागतो. त्यापेक्षा एक भाग बोअर, तीन भाग आरओ मिसळा. अल्कलिनिटी ७० च्या आसपास येते. उकळून थंड केलं आणि वरचं निवळ पाणी घेतलं तरी बरंच बायकार्बोनेट खाली बसतं, पण गॅस जळतो आणि कॅल्शियमही सोबत जातं. अपवाद स्टाउट या काळ्या बिअरचा. भाजलेला काळा माल्ट आम्लधर्मी असतो, त्याला थोडी अल्कलिनिटी मानवते. स्टाउटच्या डब्लिनचं पाणी तसंच होतं, फिक्या लागरच्या पिल्सनचं अगदी मऊ. तिथल्या बिअरी त्या त्या पाण्यावरच घडल्या.

टँकरचं पाणी बोअरचंच धरून चाला. आणि सोसायटीच्या टाकीत कॉर्पोरेशन व बोअर एकत्र पडत असेल तर दर बॅचला थेंब मोजा. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात तेच पाणी राहत नाही.

आरओ म्हणजे कोरी पाटी. पण तसंच वापरलं तर कॅल्शियमअभावी यीस्ट नीट खाली बसत नाही आणि बिअर गढूळ राहते. २० लिटरला ३ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड आणि २ ग्रॅम जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) टाकलं की कॅल्शियम ६० च्या वर जातं आणि चव माल्टकडे झुकते. आयपीए या कडवट बिअरला उलटं: जिप्सम ५ ग्रॅम, क्लोराइड १, सल्फेटने हॉप्सचा (बिअरला कडूपणा देणाऱ्या फुलांचा) कडवटपणा कोरडा, टोकदार लागतो. घरच्या यंत्राला टीडीएस कंट्रोलर असेल तर तो कच्चं पाणी परत मिसळतो, तेव्हा इथेही आधी थेंब मोजा.

माल्ट एक्स्ट्रॅक्टवर, म्हणजे माल्टच्या तयार अर्कावर, बिअर करणाऱ्यांनी एवढा खटाटोप करू नये. क्षार एक्स्ट्रॅक्टमध्ये आधीच आलेले असतात. क्लोरीन घालवलं की कॉर्पोरेशनचं पाणी जसंच्या तसं चालतं. सॉफ्टनरमधून (पाणी मऊ करणाऱ्या यंत्रातून) आलेलं मात्र कुणीच घेऊ नका, त्यात कॅल्शियमच्या जागी सोडियम असतं. आणि महाराष्ट्रात परवान्याशिवाय बिअर करणं दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, तेव्हा पाण्याच्या आधी कागद बघा.