तयार क्रीम चीज आयसिंगचा डबा: सिनॅमन रोलसाठी घ्यावा का?

आधी निकाल सांगते, कारणं मागाहून. घरी केलेल्या सिनॅमन रोलवर घालायला तयार क्रीम चीज आयसिंगचा डबा मी परत आणणार नाही. केकसाठी आणेनही कदाचित. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण भांडण एका कंपनीशी नाही. या जातीचे डबे उलटे करून मागचं बारीक अक्षर वाचलं, तर बरेचसे एकमेकांचे भाऊ निघतात.

तर ते बारीक अक्षरच आधी. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते, म्हणजे जे सगळ्यात जास्त ते सगळ्यात वर. माझ्या डब्यावर पहिली साखर, मग वनस्पती तेल, पाणी, कॉर्न सिरप, मक्याचा स्टार्च, इमल्सिफायर आणि टिकण्यासाठीचं रसायन. लोण्याचा पत्ता नाही. क्रीम चीज पुढच्या बाजूला ठसठशीत अक्षरांत मिरवतंय आणि मागे मात्र यादीच्या शेपटाला नुसता ‘स्वाद’ म्हणून उरलंय.

आता यात एवढं बिघडलं काय, असं कुणी म्हणेल. सांगते. रोलच्या पोटात आधीच ब्राउन शुगर, लोणी आणि दालचिनी असते. भट्टीत त्याचा पाक होतो आणि तळाला तो जवळजवळ टॉफीसारखा चिकट होतो. अशा पदार्थाच्या डोक्यावर आणखी गोड कशाला हवं? तिथे हवा असतो आंबटपणा आणि चिमूटभर खारटपणा. क्रीम चीजला तो हलका आंबटपणा लॅक्टिक आम्लामुळे येतो, आणि रोलवर क्रीम चीज घालण्याचं माझ्या मते तेवढंच कारण आहे. डब्यातल्या आयसिंगचा पहिला घास गोड, दुसरा गोड, तिसऱ्याला तर दालचिनीसुद्धा गप्प बसते.

दुसरी गोष्ट तोंडात कळते. लोणी साधारण 32 ते 35 अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणजे जिभेवर ठेवलं की गेलंच. डब्यातली चरबी मात्र फळीवर महिनोन् महिने घट्ट राहावी म्हणूनच निवडलेली असते. त्यामुळे घास गिळून झाला तरी टाळूला एक मेणचट थर राहतो. गरम चहा प्यायला की तो जातो, हे खरं. पण चहाचं काम आयसिंग धुवायचं नाही.

गरम रोलवर काय होतं तेही पाहिलं. भट्टीतून नुकत्याच निघालेल्या रोलचं आतलं तापमान 90 अंशांच्या आसपास असतं. मी आयसिंग नेहमी दोनदा घालते. ट्रे बाहेर आल्यावर पाचेक मिनिटांत एक तृतीयांश, म्हणजे ते वितळून वेढ्यांच्या फटींत उतरतं. उरलेलं वीसेक मिनिटांनी, रोल कोमट झाल्यावर. डब्यातल्या आयसिंगचा पहिला हात वितळून पारदर्शक झाला, घरंगळत ट्रेच्या तळाला गेला आणि तिथल्या पाकात मिसळून गोडात आणखी गोड झाला. दुसरा हात वर छान बसला, दिसला तर अगदी जाहिरातीतल्यासारखा. दुसऱ्या दिवशी मात्र त्याला कोरडी पापडी धरली होती.

एका बाबतीत डब्याला हात जोडते: गुळगुळीतपणा. कण म्हणून नाही. घरच्या मिक्सरमध्ये साखर कितीही दळा, जिभेला खर लागतेच. म्हणून घरी करायचं तर आयसिंग शुगर विकतचीच घ्यावी. गुठळ्या होऊ नयेत म्हणून तिच्यात साधारण 3 टक्के कॉर्नस्टार्च घातलेलं असतं. तरी चाळायचीच. चाळणीचा कंटाळा केला तर पांढरे खडे रोलवर थेट दिसतात.

घरचं प्रमाण असं: 115 ग्रॅम क्रीम चीज, 60 ग्रॅम लोणी, 120 ग्रॅम आयसिंग शुगर, अर्धा चमचा व्हॅनिला, सढळ चिमूट मीठ. 9 बाय 13 इंची ट्रेमधल्या 12 रोलना एवढं पुरतं. लोणी बिनमिठाचं धरलंय. खारं असेल तर मीठ वगळा. साखर याहून वाढवण्याचा मोह टाळावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

खरी मेख प्रमाणात नाही, क्रमात आहे. क्रीम चीज आणि साखर आधी एकत्र फेटली की मिश्रण बघता बघता पातळ होतं. साखर चीजमधलं पाणी ओढून घेते आणि जास्त फेटण्याने चीजची घट्ट घडण मोडते. म्हणून आधी मऊ लोणी आणि साखर फेटून घ्यायची, अगदी फिकट आणि हलकी होईपर्यंत. मग गारसर क्रीम चीजचे लहान तुकडे एकेक करून घालायचे आणि एकजीव झालं की थांबायचं. तरीही सैल वाटलं तर साखर ओतू नका, कारण त्याने गोडी वाढते आणि घट्टपणा काही येत नाही. भांडं अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा, लोणी आवळतं आणि आयसिंग आपोआप जागेवर येतं.

क्रीम चीज चौकोनी वडीतलं घ्या. ब्रेडवर लावायला मिळतं ते डबीतलं जास्त मऊ असतं, आणि ‘फेटलेलं’ असं लिहिलेल्यात तर हवाही भरलेली असते. ब्रेडवर ते उत्तम, पण आयसिंगमध्ये ढिलं पडतं. कमी चरबीचं घेऊ नका. रोल खायला बसल्यावर ते हिशेब सोडून द्यावेत.

पाणी घालून ढवळायची आयसिंगची पूडही मिळते. तिच्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. साखर, स्टार्च, वास. त्यापेक्षा 120 ग्रॅम आयसिंग शुगरमध्ये एक ते दीड मोठा चमचा दूध थेंबाथेंबाने घाला, मीठ आणि लिंबाचे चार थेंब टाका. कच्च्या स्टार्चची चव खटकत असेल तर मंद आचेवर जरासं गरम करून घ्या. चीज घरात नसेल त्या दिवशी हे झकास चालतं.

उरलेला डबा फुकट घालवायचा नाही म्हणून त्याच्यावर उपचारही केले. जेवढं आयसिंग त्याच्या निम्मं क्रीम चीज, मीठ, लिंबाचा रस. चव सुधारली, खोटं कशाला बोलू. पण चीज आयसिंगच्या डब्यात आपणच चीज घालायचं असेल तर डब्याने नक्की काय केलं, हा प्रश्न फेटताना सतत डोक्यात होता.

डब्याच्या बाजूने दोन गोष्टी लिहायलाच हव्यात. घरचं क्रीम चीज आयसिंग लावलेले रोल दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नयेत, मग फ्रीज गाठावा लागतो, आणि फ्रीजमध्ये रोल कडक होतात. प्रवासाला न्यायचे असतील किंवा दिवसभर टेबलावर राहणार असतील, तर डबा सोयीचा. सीलबंद डबा फ्रीजशिवाय राहतो, उघडल्यावर मात्र आत ठेवायचा. दुसरं म्हणजे माझी भाचरं. त्यांनी रोल बाजूला सारून नुसतं वरचं आयसिंग चाटलं आणि डब्याला पैकीच्या पैकी दिले. माझे गुण: रोलसाठी पाचपैकी दोन, केकसाठी साडेतीन. केकवर त्याचे उंच तुरे चांगले उभे राहतात आणि कापतानाही ढासळत नाहीत.

घ्यायचाच असेल तर मागच्या यादीत क्रीम चीज हा शब्द पहिल्या तीन-चार घटकांत आहे का ते पाहून घ्या. नसेल तर साधा व्हॅनिलाचा डबा घ्या आणि चीज वेगळं आणा. आणि रोल आदल्या दिवशी करून ठेवणार असाल तर आयसिंग न लावता झाकून ठेवा. खायच्या वेळी ओव्हनमध्ये कोमट करून मगच लावा. डब्यातलं असो की घरचं, आधीच लावून ठेवलेलं आयसिंग परत गरम केलं की ट्रेच्या तळालाच जातं.