दहा बाय नऊच्या खोलीतलं कपाट: सोळा महिने वापरल्यानंतर

डोंबिवलीत आमचा वन बीएचके आहे. बेडरूम १० फूट बाय ९ फूट, आणि कपडे चौघांचे: मी, नवरा, अकरावीतली लेक आणि सासूबाई. लग्नात माहेरून आलेलं लोखंडी कपाट आम्ही वीस वर्षं पुरवून पुरवून वापरलं. साडेसहा फूट उंच, तीन फूट रुंद आणि १९ इंच खोल. त्यात न मावलेलं सगळं खुर्चीवर, बेडखालच्या बॅगांत आणि माळ्यावरच्या ट्रंकेत. शेवटी २०२४ च्या मार्चमध्ये सुतारकाम काढलं आणि ९ एप्रिलला, पाडव्याच्या दिवशी, नव्या कपाटात पहिली साडी ठेवली. आता २०२५ चा ऑगस्ट चालू आहे. एक अख्खा पावसाळा आणि दुसऱ्याचा मोठा भाग या कपाटाने पाहिला आहे, म्हणून आता लिहिते आहे. पहिल्या महिन्यात लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं.

काय केलं ते आधी सांगते. एका भिंतीला ६ फूट रुंद, ७ फूट उंच आणि २४ इंच खोल असं सरकत्या दारांचं कपाट, त्याच्यावर स्लॅबपर्यंत २ फुटांचा माळा. जुना पलंग काढून हायड्रॉलिकचा बेड, म्हणजे गादीसकट वर उचलला जाणारा, खाली पूर्ण पेटी. खोलीच्या दाराच्या मागे कपडे अडकवायचे पाच आकडे. कपाटाला ७१० नंबरचा, म्हणजे पाण्याला टिकणारा, मरीन प्लाय, बाहेरून सनमायका. कपाटाचे ६५,१०० रुपये, माळ्याचे ९,६००, सरकत्या दारांच्या फिटिंगचे ९,५०० आणि बेडचे ३८,०००. एकूण १,२२,२०० रुपये, सामान आणि मजुरी धरून.

सरकती दारं घ्यावी लागली ती जागेमुळे. खोलीची रुंदी १०८ इंच. त्यातून बेडचे ६० आणि कपाटाचे २४ वजा केले की मध्ये चालायला २४ इंच उरतात. तिथे बिजागरीचं दार उघडून माणसाने उभं कुठे राहायचं? याच कारणाने बेडला बाजूचे ड्रॉवरही घेता आले नाहीत. ड्रॉवर वीस इंच बाहेर आला की आपल्याला उभं राहायला चार इंच उरतात. हे दोन्ही निर्णय मला आजही बरोबर वाटतात. पण सरकत्या दारांची किंमत कपाटाच्या खोलपणात मोजावी लागते, हे आधी कुणी सांगितलं नव्हतं. दोन दारं एकमेकांमागून जातात, त्यांच्या पट्ट्यांत साडेतीन इंच जातात. बाहेरून २४ इंच दिसणारं कपाट आत जेमतेम २० इंच भरतं. हँगर १७ इंचांचा. शर्ट नीट राहतात, पण नवऱ्याच्या कोटाचे खांदे दाराला घासायचे. तो कोट आता माळ्यावर कव्हरमध्ये आडवा ठेवलेला आहे.

दुसरी अडचण ड्रॉवरची. डाव्या भागात खाली तीन ड्रॉवर केले होते, पूर्ण रुंदीचे. मिस्त्री काम संपवून गेले आणि संध्याकाळी मी पहिला ड्रॉवर ओढला, तर तो दाराच्या कडेवर आपटला. सरकती दारं मधोमध इंच-दीड इंच एकमेकांवर चढतात, त्यामुळे एक दार पूर्ण सरकवलं तरी त्याची कड दुसऱ्या भागात डोकावतेच. मिस्त्रींना परत बोलावलं. त्यांनी तिन्ही ड्रॉवर काढून नेले, दोन दोन इंच अरुंद केले आणि मधल्या उभ्या फळीला पट्टी ठोकून दिली. पैसे जास्त घेतले नाहीत, पण आठ दिवस मोजे आणि रुमाल पिशवीत होते. तुम्ही सरकती दारं करत असाल तर ड्रॉवरची रुंदी ठरवताना ही पट्टी आधीच धरायला सांगा.

आणि ड्रॉवर उथळ ठेवा. आमचा खालचा ड्रॉवर दहा इंच खोल आहे. त्यात आतले कपडे टाकले की तळातलं काही दिसतच नाही, महिनाभर वरचेच चार वापरले जातात. वरचे दोन सहा इंचांचे आहेत, ते एकदम सोयीचे. कप्प्यांचंही तेच. चौदा इंच उंचीच्या कप्प्यात घड्यांची चळत लावली की चौथ्या दिवशी कलंडते. मी नंतर मधे एक जादा फळी बसवून घेतली. दहा इंचांच्या कप्प्यात सहा-सात ड्रेस बसतात आणि खालचा ओढला तरी वरचे पडत नाहीत.

माझी सगळ्यात मोठी चूक मात्र मिस्त्रींची नव्हती, माझीच होती. काम काढण्याआधी आम्ही खोली तीनदा मोजली, कपडे एकदाही मोजले नाहीत. उजवा अख्खा भाग मी उभ्या हँगरसाठी ठेवला: वर एक दांडी आणि खाली मोकळं. दुकानातल्या नमुन्यात तसं होतं आणि छान दिसत होतं. आठ महिन्यांनी, डिसेंबरात, एका रविवारी सगळं बाहेर काढून मोजलं. शर्ट आणि कुर्ते मिळून अडतीस निघाले. पायापर्यंत लांब कपडे फक्त पाच: लेकीचे दोन अनारकली, एक घागरा, नवऱ्याची शेरवानी आणि एक रेनकोट. म्हणजे पाच कपड्यांसाठी मी अडतीस कपड्यांच्या खालची तीन फूट हवा आठ महिने जपली होती, आणि लेक तिचे टॉप खुर्चीवर ठेवत होती. तिला मी त्याबद्दल रोज ओरडत होते, त्याचं मला नंतर फार वाईट वाटलं.

मग १,८०० रुपयांत दुरुस्ती केली. वरची दांडी तशीच ठेवली, खाली ३८ इंचांवर दुसरी बसवली. खालची पूर्ण रुंदीची नाही: बाजूला दहा इंच मोकळे सोडून उभी फळी मारली, तिथे ते पाच लांब कपडे. पातळ हँगर वापरले तर एका फूट दांडीवर दहा शर्ट आरामात राहतात. या एका दिवसाच्या कामाने खोलीतली खुर्ची रिकामी झाली.

खुर्ची रिकामी होण्यात दाराच्या पाच आकड्यांचाही वाटा आहे. एकदा घातलेले, धुवायला टाकण्याइतके मळलेले नाहीत पण घडीत परत ठेवण्याइतके स्वच्छही नाहीत, असे कपडे प्रत्येक घरात असतात आणि कुठल्याच कपाटात त्यांना जागा नसते. आमच्याकडे आता ते आकड्यांवर. प्रत्येकाचा एक आकडा आणि पाचवा घरात आलेल्या पाहुण्याचा. आकडा भरला की त्यावरचं धुवायला टाकायचं, हा नियम लेकीने केला आणि तीच पाळून घेते. सगळ्या कामात सगळ्यात स्वस्त वस्तू हीच होती, साडेतीनशे रुपयांची.

आता पावसाळ्याबद्दल. आमची खोली इमारतीच्या कोपऱ्यात आहे, दोन भिंती बाहेरच्या. कपाटाची पाठ आतल्या भिंतीला आहे, पण डावी बाजू पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीला टेकते. बेडची लांब बाजू दुसऱ्या बाहेरच्या भिंतीला चिकटलेली. सुताराने दोन्ही ठिकाणी फट न ठेवता अगदी सफाईदार काम केलं होतं आणि मी त्याचं कौतुकही केलं होतं. २०२४ च्या जुलैत बेडची पेटी उघडली, तर चामड्याच्या पट्ट्यावर आणि काळ्या लोकरी कोटावर पांढरी बुरशी. कपाटात डावीकडच्या खालच्या कप्प्याला कुबट वास. त्या कप्प्यात सासूबाईंच्या नऊवारी होत्या. त्यातल्या एका इरकलीवर तपकिरी ठिपके उठले होते. त्यांच्या आईने त्यांना दिलेली साडी. त्या मला काही बोलल्या नाहीत. साडी मांडीवर घेऊन बराच वेळ ठिपक्यांवरून बोट फिरवत बसल्या, मग एवढंच म्हणाल्या, "अगं, जुन्या कपाटात कधी असं झालं नव्हतं."

आणि ते खरं होतं. लोखंडी कपाट आम्ही हॉलमध्ये आतल्या भिंतीशी हलवलं होतं, विकायचं म्हणून. ते चार इंच पायांवर उभं असतं, खालून आणि मागून हवा खेळते. त्याच दिवशी सगळ्या रेशमी साड्या आणि नऊवारी तिकडे परत गेल्या. गंज लागू नये म्हणून आत जुन्या सुती साडीचे तुकडे अंथरले. प्रत्येक साडी मलमलीत गुंडाळलेली. प्लास्टिकच्या पिशव्या सगळ्या काढून टाकल्या, कारण त्यात ओल कोंडते. पैठण्या हँगरवर लावत नाही. वजनाने जरीवर ताण येतो आणि दांडीच्या जागी घडी कायमची बसते. तीन महिन्यांनी घडी मोडून वेगळ्या जागी घालते. साध्या सुती आणि सिंथेटिक साड्या मात्र नव्या कपाटातच, खालच्या दांडीवर. हँगरवरची साडी अडीच फुटांच्या आत मावते, त्यामुळे त्या दांडीवर शर्ट आणि साड्या शेजारी शेजारी राहतात.

नव्या कपाटाच्या ओलीवर जे केलं ते असं. त्या पावसाळ्यानंतर बाहेरच्या भिंतीला बाहेरून वॉटरप्रूफिंग केलं, सोसायटीने निम्मा खर्च दिला. बेड भिंतीपासून दोन इंच सरकवला. चालायला २२ इंच उरले, चालतं. पेटीच्या कडांना एक एक इंचाची बारा भोकं पाडून घेतली. कपाटाच्या तळाशी कॅल्शिअम क्लोराइडचे ओल शोषणारे डबे ठेवले. जुलैमध्ये दोन आठवड्यांत डब्यात इतकं पाणी जमायचं की पहिल्यांदा विश्वास बसला नाही. ते पाणी कपड्यांवर सांडू देऊ नका, चामड्यावर तर मुळीच नको. ड्रॉवरमध्ये सिलिका जेलच्या पुड्या. रंग निळ्याचा गुलाबी झाला की त्या तव्यावर मंद आचेवर तापवून पुन्हा वापरते, पण तो तवा पोळ्यांचा नाही, वेगळा ठेवला आहे. डांबराच्या गोळ्या मी बंद केल्या. त्यांचा वास सुती कपड्यांतून जाता जात नाही, आणि घरात तान्हं बाळ असेल तर त्याच्या कपड्यांत त्या अजिबात ठेवू नयेत. वेखंडाच्या कांड्या सासूबाईंनी सांगितल्या म्हणून ठेवल्या. कसर लागलेली नाही, वासही चांगला आहे.

पण या सगळ्यापेक्षा जास्त फरक एका सवयीने पडला. पावसात कपडे दोरीवर वाळल्यासारखे वाटतात, शिवणीत आणि खिशात ओलेच असतात. आता पंख्याखाली रात्रभर राहिल्याशिवाय आणि इस्त्री केलेले कपडे गार झाल्याशिवाय कपाटात काही जात नाही. कुबट वासाची निम्मी तक्रार तिथेच संपली.

यंदा पाऊस २६ मे लाच मुंबईत आला. दरवर्षी मेच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही कपड्यांना ऊन दाखवतो, रेशमी साड्या सावलीत वाऱ्यावर टाकतो. यंदा बेडच्या पेटीतलं निम्मंच झालं होतं. तरीही ऑगस्टपर्यंत कपाटात बुरशीचा एकही ठिपका नाही. पेटीत एका स्वेटरला थोडा वास आला, तो काढून धुतला. पुढच्या वर्षी मी एप्रिलच्या शेवटी सुरुवात करणार.

हायड्रॉलिकबद्दल दोन शब्द. बेड वर उचलणाऱ्या दांड्यांवर त्यांच्या ताकदीचा आकडा न्यूटनमध्ये छापलेला असतो, तो गादीच्या वजनाशी जुळायला हवा. आमची गादी काथ्याची, जड. आधी बसवलेल्या दांड्यांना ती पेलत नव्हती, सासूबाईंना एकटीने बेड उचलता यायचा नाही. जास्त ताकदीच्या दांड्या बदलून घेतल्यावर एका हाताने उघडतो. उलट हलकी फोमची गादी आणि जोरदार दांड्या असतील तर बेड नीट खाली बसत नाही. पेटीत रोजचं काहीही ठेवू नका. आम्ही पहिल्या महिन्यात टॉवेल आणि चादरी ठेवल्या होत्या. रोज सकाळी उशा, पांघरूण हलवून बेड उघडायचा, आठवड्यात कंटाळा आला. आता तिथे रजया, स्वेटर, पाहुण्यांच्या गाद्या आणि रिकाम्या बॅगा. माळ्यावर दिवाळीचं सामान आणि लेकीची जुनी पुस्तकं.

नवीन कपाटात लगेच कपडे भरू नका, हेही सांगायला हवं. पाडव्याचा मुहूर्त साधायचा म्हणून मी भरले. प्लाय आणि फेविकॉलचा वास मेअखेरपर्यंत कपड्यांना येत होता, लेकीचे डोळे चुरचुरायचे. वीस दिवस दारं उघडी ठेवून पंखा लावला असता तर बरं झालं असतं. मुहूर्तासाठी एक साडी ठेवायची, बाकीचं नंतर.

दारांच्या खालच्या पट्टीत धूळ साठते; आठवड्याला जुन्या टूथब्रशने काढते, नाहीतर दार अडखळतं. आत अंधार असतो म्हणून चार्जिंगचा सेन्सरवाला एलईडी लावला आहे. उजव्या दाराला आरसा घेतला, त्यामुळे ड्रेसिंग टेबल गेलं आणि तेवढी जागा मिळाली.

लोखंडी कपाट विकलं नाही. हॉलमध्येच आहे, सासूबाईंच्या चाव्या त्याला अडकवलेल्या असतात. ती इरकली पुण्याला एका साड्या दुरुस्त करणाऱ्या बाईंकडे दिली होती. ठिपके पूर्ण गेले नाहीत, फिकट झाले. लेकीने ती गेल्या संक्रांतीला नेसली. दिवाळीनंतर, हवा कोरडी झाली की, बेडच्या पेटीचा तळ बदलून तो जमिनीपासून चार इंच वर घेणार आहे. मिस्त्रींशी बोलणं झालं आहे. त्याचा फरक २०२६ च्या जुलैत कळेल.