संकेतस्थळ माझे, फोन दुसऱ्याच्या टेबलावर

मी पुण्यात गेली सोळा वर्षे घरांच्या अंतर्गत सजावटीची कामे करते. कर्वेनगरात छोटे कार्यालय आहे, दोन सहायक आहेत, आणि सुतार, रंगारी, इलेक्ट्रिशियन ही ठरलेली माणसे आहेत. कामे बहुतेक ओळखीतून येतात. एकीचे स्वयंपाकघर झाले की तिच्या नणंदेची बेडरूम. कोविडनंतर बाणेर-बालेवाडीकडे मोठ्या सदनिकांची कामे निघू लागली. ती आपल्यापर्यंत पोचत नाहीत, आपण दोन-अडीच लाखांच्या ट्रॉल्या आणि वॉर्डरोबमध्येच अडकलो आहोत, असे मला सतत वाटत असे. २०२३च्या जूनमध्ये एका डिजिटल मार्केटिंग एजन्सीचा माणूस कार्यालयात आला, खुर्चीत बसला आणि म्हणाला, "मॅडम, तुमचं काम पंचवीस लाखांचं आहे, पण तुमची वेबसाइट अडीच लाखांची आहे." हे वाक्य तो रोज तीन ठिकाणी म्हणत असणार, हे मला आज कळते. त्या दिवशी मात्र हा माणूस माझे मनच वाचतो आहे, असे वाटले.

ठरले ते असे: नवे संकेतस्थळ बांधण्याचे ८० हजार रुपये, त्यानंतर सहा महिने दरमहा २५ हजार रुपये त्यांची फी आणि ४० हजार रुपये गूगलवरील जाहिरातींसाठी. जीएसटी वेगळा. बदल्यात दरमहा "किमान पंधरा दर्जेदार लीड्स", म्हणजे काम देऊ शकतील अशा लोकांच्या चौकशा, आणि गूगलवर पहिला क्रमांक. करार म्हणून दीड पानाचे कोटेशन होते. संकेतस्थळ कोणाच्या नावावर राहील, जाहिरातींचे खाते कोणाचे, येणाऱ्या चौकशांची माहिती कोणाची, यांपैकी एकाही गोष्टीचा त्यात उल्लेख नव्हता, आणि मीही विचारले नाही. गिऱ्हाइकाच्या कोटेशनमध्ये बिजागरी कोणत्या कंपनीची हे लिहिल्याशिवाय मी सही घेत नाही, पण स्वतः सही करताना दीड पानावर समाधान मानले.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझे जुने डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता, "होस्टिंगच्या सोयीसाठी" आपल्या खात्यावर वर्ग करून घेतले. इथे थोडे थांबून सांगते, कारण माझ्यासारख्या अनेकांना हा फरक माहीत नसतो. डोमेन ही मालकीची गोष्ट आहे. आपल्या धंद्यात सदनिकेचा इंडेक्स टू असतो तसे. होस्टिंग म्हणजे ज्या संगणकावर संकेतस्थळ ठेवलेले असते ती भाड्याची जागा. जागा बदलायची असेल तर डोमेनच्या नोंदीतील नेमसर्व्हर, म्हणजे हा पत्ता कोणत्या संगणकाकडे न्यायचा ते सांगणारी नावे, बदलले की काम होते, आणि ते बदल आपण स्वतः आपल्या खात्यातून, एजन्सीच्या माणसाशी फोनवर बोलत, दहा मिनिटांत करू शकतो. त्यासाठी डोमेन दुसऱ्याच्या नावावर करण्याची, पासवर्ड देण्याची किंवा वर्ग करण्याचा सांकेतिक क्रमांक पाठवण्याची काहीही गरज नसते. मी तो क्रमांक व्हॉट्सअॅपवर पाठवला. म्हणजे घर त्यांच्या नावावर आणि रंगाचा खर्च माझा, अशी व्यवस्था मी आपल्या हाताने करून दिली.

नवे संकेतस्थळ दिसायला देखणे होते. मी केलेल्या घरांची छायाचित्रे "क्लासी वाटत नाहीत" म्हणून त्यांनी बाजूला ठेवली आणि विकत मिळणारी परदेशी छायाचित्रे लावली. पहिल्याच चित्रातील दिवाणखान्यात दगडी फायरप्लेस होती. पुण्यात डिसेंबरमध्ये गोधडी पुरते, शेकोटीसाठी कोणी भिंत पाडत नाही, हे मी म्हणालेसुद्धा. त्यावर "अॅस्पिरेशनल असावं लागतं, मॅडम" असे उत्तर मिळाले आणि मी गप्प बसले. पुढे बाणेरच्या एका गृहस्थांनी भेटीत तेच चित्र मोबाइलवर उघडून "हे घर कुठे केलंत?" असे सरळ विचारले, तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हते. ते काम अर्थातच गेले. या एका खोटेपणाची जबाबदारी मी एजन्सीवर ढकलत नाही. पैसेवाले गिऱ्हाईक भपक्याला भुलते, असे मी स्वतःच गृहीत धरले होते. प्रत्यक्षात जो माणूस वीस-पंचवीस लाख खर्च करणार असतो, तो सर्वांत जास्त बारकाईने विचारतो.

ऑगस्टमध्ये अहवाल येऊ लागले. रंगीत आलेख, वर चढणाऱ्या रेघा, आणि "पहिला क्रमांक" मिळालेल्या शोधशब्दांची यादी. त्यांचा माणूस कार्यालयात येऊन माझ्याच मोबाइलवर शोध घेऊन दाखवी, आणि खरोखर माझे नाव नकाशात सर्वांत वर येई. ते येणारच होते, कारण स्थानिक निकाल दाखवताना गूगल ज्या गोष्टी पाहते त्यांत शोधणाऱ्यापासूनचे अंतर ही एक असते, आणि मोबाइल माझ्याच कार्यालयात होता. औंधला राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीच्या मोबाइलवर मी पहिल्या पानावरही नव्हते. यादीतील शोधशब्दही इतके लांबलचक आणि अलंकारिक होते की तसे कोणी शोधत नसते. ज्या शर्यतीत दुसरा धावपटूच नाही, तिथे पहिले येणे सोपे असते. नैसर्गिक, म्हणजे जाहिरात नसलेल्या, निकालांत पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, असे गूगलने स्वतःच्याच मार्गदर्शनात लिहून ठेवले आहे. त्यांच्या कोटेशनवर जो गूगल पार्टनरचा बिल्ला छापलेला होता, त्याचाही अर्थ फार तर एवढाच असतो की ती एजन्सी ठरावीक रकमेच्या वर जाहिराती चालवते, तिच्या खात्यांना गूगलच्या मोजणीत ठरावीक गुण आहेत आणि तिच्या माणसांनी परीक्षा दिलेल्या आहेत. बिल्ला खरा आहे का, हे गूगलच्या यादीत पाहता येते. मी ते पाहिले नाही.

लीड्स मात्र येत होत्या; पंधरा म्हटल्या तर सतरा. त्यांतील निम्म्या लोकांना फोन केला की "मी असा फॉर्म भरलाच नाही" किंवा "मला जॉबची चौकशी करायची होती" असे उत्तर मिळे. काहींनी फोन उचललाच नाही. सप्टेंबरच्या यादीत अकरा फॉर्म रात्री दोन ते अडीचच्या दरम्यान भरलेले होते आणि त्यांपैकी सात जणांनी "मॉड्युलर" या शब्दाचे इंग्रजी स्पेलिंग एकाच पद्धतीने चुकवले होते. एक गृहस्थ अमेरिकेतील डॅलसहून बोलत होते. पुण्यात चार खोल्यांची सदनिका घेतली आहे, बजेटची अडचण नाही, पुढच्या महिन्यात येतोच आहे, असे सांगत होते. वेळ सकाळी साडेअकराची, म्हणजे डॅलसमध्ये मध्यरात्र उलटलेली. बोलता बोलता त्यांच्या मागून भंगारवाल्याची आरोळी स्पष्ट ऐकू आली. मी फोन खाली ठेवला आणि बराच वेळ त्याकडे बघत बसले.

तरीही मी थांबले नाही, कारण ऑक्टोबरमध्ये एक खरे काम मिळाले: वाकडमधील तीन बेडरूमची सदनिका, अठरा लाखांचे काम, वेळेवर पैसे देणारे समंजस कुटुंब. त्या एका कामाने माझ्या सगळ्या शंका धुऊन काढल्या. त्या बाई पहिल्या भेटीत म्हणाल्या होत्या, "मी तर दुसऱ्याच एका डिझायनरच्या साइटवर फॉर्म भरला होता, पण फोन तुमच्याकडून आला." दोन-तीन साइट्स चाळताना त्यांचा गोंधळ झाला असावा, असे मी मनाशी म्हटले आणि मोजमापाचा टेप काढला.

पडदा उठला तो डिसेंबरमध्ये, माझ्या एका जुन्या गिऱ्हाइकामुळे. २०१८ साली ज्यांचे घर केले होते, त्या काकूंचा संतापून फोन आला. त्यांच्या जावेने माझे नाव ऐकून माझ्याच संकेतस्थळावरील क्रमांकावर फोन केला होता, "त्यांच्याच टीममधून बोलतोय" असे सांगून कोणीतरी घरी आले, ट्रॉल्या बसवून गेले, आणि आता भांड्यांचा खण फ्रिजच्या दारावर आपटत होता. "तुझी माणसं असं काम करायला लागली का गं?" असे काकूंनी विचारले. मी त्या घरात पाऊलही टाकलेले नव्हते.

संध्याकाळी मी घरच्या फोनवरून माझ्या संकेतस्थळावरील क्रमांक लावला. तो माझ्या कार्यालयात वाजला नाही. एका मुलीने उचलला, माझ्या फर्मचे नाव घेतले, सदनिका किती चौरस फुटांची आणि बजेट किती, असे विचारले. मी खोटे नाव सांगून "पंधरा लाख" म्हटले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मला दोन वेगवेगळ्या इंटिरियर फर्मचे फोन आले. माझ्या स्वतःच्या कार्यालयाकडे त्या चौकशीची नोंद आलीच नाही. कोणत्या जाहिरातीवरून किती फोन आले हे मोजण्यासाठी मधला ट्रॅकिंग क्रमांक लावण्याची पद्धत या व्यवसायात आहे आणि ती मुळात गैर नाही. मात्र तो क्रमांक एजन्सीच्या नावावर असेल, तर फोन पुढे कोणाकडे वळवायचा हे तीच ठरवते. चांगल्या बजेटचे फोन जास्त पैसे देणाऱ्याला, उरलेले मला, आणि आकडा भरायला रात्री अडीचचे फॉर्म, असा हा धंदा होता.

जाहिरातींचे खाते पाहायला मागितले, तेव्हा "ते गोपनीय असतं" असे सांगण्यात आले. हे खोटे आहे. जाहिराती दुसऱ्याकडून चालवून घेणाऱ्या ग्राहकाने मागितल्यास प्रत्यक्ष झालेला खर्च, क्लिक आणि जाहिरात किती वेळा दिसली ही माहिती त्याला दिलीच पाहिजे, असा गूगलचाच नियम आहे. तो नियम छापून ईमेलला जोडल्यावर मला खाते नुसते बघण्यापुरते, एका दिवसासाठी उघडून दिले. मी दरमहा ४० हजार देत होते. खर्च एकाही महिन्यात २० हजारांच्या वर गेलेला नव्हता. आणि तो तरी कशावर? सर्वाधिक क्लिक माझ्या स्वतःच्या फर्मच्या नावावर होते. ज्यांना माझे नाव आधीच माहीत होते, जे मला शोधतच येत होते, त्यांना वाटेत माझ्याच पैशाने जाहिरात दाखवायची आणि त्यांना "मोहिमेतून आलेले" म्हणून मोजायचे, अशी ती युक्ती होती. त्याखालोखाल "इंटिरियर डिझाइन कोर्स फी", "इंटिरियर डिझायनर सॅलरी" असे शोध होते. शोधशब्द फार सैल ठेवले आणि नको असलेले शब्द वगळले नाहीत की असे होते. नोकरीची चौकशी करणाऱ्या त्या मुलांचे फोन का येत होते, हे मला तेव्हा समजले. २०२३च्या मार्चपासून गूगलने कोणता जाहिरातदार कोणत्या जाहिराती दाखवतो हे पाहण्याची सोय सर्वांना खुली केली आहे. तिथे शोधले असते, तर माझ्या जाहिरातींखाली जाहिरातदार म्हणून एजन्सीचे नाव लागलेले सुरुवातीलाच दिसले असते.

मी सहावा हप्ता देऊन मोकळी झालेली होते. एकूण चार लाख सत्तर हजार, जीएसटी धरला नाही तर. वकिलांनी जे सांगितले ते इथे लिहिते, कारण माझी समजूत वेगळी होती. फसवणुकीचा गुन्हा, जो तेव्हा भारतीय दंड संहितेच्या कलम ४२० मध्ये होता आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये आहे, सिद्ध करायचा तर सुरुवातीपासूनच फसवण्याचा हेतू होता हे दाखवावे लागते. वाईट सेवा दिली एवढ्याने भागत नाही. ग्राहक आयोगाकडे जायचे, तर २०१९च्या कायद्यात व्यापारी हेतूने घेतलेली सेवा वगळलेली आहे. केवळ स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी ती घेतली असेल तर सवलत मिळते, पण माझ्याकडे दोन सहायक पगारावर असल्याने समोरचा वकील तिथेच अडवील, असे त्यांचे मत पडले. आणि कोटेशन दीड पानाचे. शेवटी नोटीस पाठवली. अकरा आठवड्यांनी डोमेन परत मिळाले. पैसे मिळाले नाहीत, आणि ते मिळावेत म्हणून मी पुढे भांडले नाही.

आता संकेतस्थळावर माझीच घरे आहेत. प्रत्येक कामाखाली चटई क्षेत्रफळ, किती महिने लागले, खर्च साधारण कोणत्या टप्प्यात गेला आणि कुठे अडचण आली हे लिहिले आहे, आणि किमान किती रकमेच्या वरचे काम घेते तेही लिहिले आहे. फोन माझ्या हातातला आहे. चौकशा महिन्याला चार-पाच येतात.

एक गोष्ट उरली होती. वाकडच्या बाईंनी जिच्या साइटवर फॉर्म भरला होता, त्या डिझायनरचे नाव मी त्यांच्याकडून विचारून घेतले. त्या पिंपरीच्या होत्या, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. मला या सगळ्या व्यवहारात मिळालेले एकमेव मोठे काम त्यांचे होते, हे फोनवर सांगताना मला शब्द सापडत नव्हते. त्या रागावल्या नाहीत. थोडा वेळ काही बोलल्याच नाहीत, मग आपल्या साइटवरचा क्रमांक एकेक आकडा सुटा करून मला वाचून दाखवला आणि म्हणाल्या, "ताई, हा नक्की कुठे वाजतो, ते कसं बघायचं?"

मी म्हटले, "घरच्या फोनवरून लावून बघा. आत्ता, मी थांबते."